कापताना माया ठेवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपण सिनेमा 'पाहायला' जातो, नाटक 'पाहायला' जातो. ऐकायला जातो ते फक्त गाणं नाहीतर कीर्तन. पण एक साधा प्रयोग घरी करून बघा. दूरचित्रवाणीवर मालिका चालू असताना आवाज बंद करा आणि पाच मिनिटं नुसतं चित्र बघा. कोण कोणावर रागावलंय आणि का, काही कळत नाही. मग उलट करा. पडद्याकडे पाठ करून बसा आणि नुसतं ऐका. गोष्ट बरीचशी समजते. अर्थात, रेडिओ ऐकणाऱ्यांना हे मी सांगायची गरज नाही!

हा आवाज माणसाच्या तोंडून निघून पडद्यापर्यंत कसा पोचतो आणि वाटेत कुठे हरवतो, याविषयी आज बोलायचं आहे. मी वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात राहतो आणि लघुपट-माहितीपटांच्या आवाजाचं काम करतो. पूर्वी असं काम मुंबई-पुण्याशिवाय होत नसे. आता एक बरा संगणक, चांगले हेडफोन, जाड गाद्या लावून शांत केलेली एक खोली आणि वीज गेली तर इन्व्हर्टर, एवढ्यावर भागतं. दिग्रस, कारंजा, पुसद, मंगरूळपीर इथली मुलंमुली मोबाइलवर किंवा छोट्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण करतात, घरीच संकलन करतात आणि आवाजासाठी माझ्याकडे पाठवतात. पोहरादेवीची रामनवमीची यात्रा, तांड्यावरची होळी आणि तिथल्या लेंगी, कापूस वेचणाऱ्या बाया, सोयाबीनचा हंगाम, असे त्यांचे विषय असतात. नजर चांगली असते, धीटपणाही असतो. गाडी अडते ती बहुतेक एकाच ठिकाणी. चित्राचं संकलन झालेलं काम आवाजवाल्याच्या संगणकावर सोपवायचं असतं, नेमकं तिथे.

तुम्ही विचाराल, सोपवायचं कशाला? ज्या सॉफ्टवेअरवर चित्र कापलं, त्यातच आवाज का नीट करू नये? त्याचं कारण कामाच्या मापात आहे. आपल्याकडे व्हिडिओ साधारणपणे सेकंदाला २५ चौकटींचा असतो. म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची. संकलक चौकटीवर कापतो, त्याहून बारीक कापायची त्याला गरज नसते. पण आपण 'ट' किंवा 'प' म्हणतो तेव्हा त्या अक्षराचा फटकारा एका चौकटीच्याही आत उमटून जातो. आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका सेकंदाचे ४८,००० भाग केलेले असतात, त्यातल्या कुठल्याही भागावर कात्री चालते. प्रो टूल्स, न्यूएन्डो, लॉजिक ही अशी सॉफ्टवेअर. डाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आता चित्र आणि आवाज दोन्हींचे विभाग एकाच छपराखाली आहेत आणि त्याची फुकट आवृत्तीही मिळते. तरीसुद्धा माणसं दोन असली, संगणक दोन असले, की देवाणघेवाण आलीच.

ही देवाणघेवाण बोलपटाइतकीच जुनी आहे. 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट १९३१ साली आला. त्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी नोंदले होते. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण कापायला फार अवघड. प्रक्षेपकात चित्र एकेक चौकट थांबत थांबत सरकतं, आवाजाला मात्र फिल्म सलग वाहती लागते. म्हणून प्रिंटवर आवाजाची पट्टी आपल्या चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे असते. आता चित्र पाहून कात्री लावली, की तिथे भलत्याच क्षणाचा आवाज कापला जाणार. पुढे चित्र एका फिल्मवर आणि आवाज दुसऱ्या फिल्मवर घेण्याची पद्धत रुळली. कोल्हापुरात १९३२ साली 'अयोध्येचा राजा' करणारी प्रभात कंपनी वर्षभराने पुण्याला गेली आणि तिथल्या तिच्या स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तोवर चित्र आणि आवाज ही दोन वेगळी खाती झाली होती.

पुढच्या काळात आवाज छिद्रं पाडलेल्या चुंबकीय फिल्मवर येऊ लागला. संकलक चित्राची आणि आवाजाची पट्टी शेजारी शेजारी चालवून कापत असे. मग ध्वनिसंकलक प्रत्येक रिळासाठी संवाद, पावलं, वारा, संगीत यांची वेगवेगळी रिळं बांधायचा आणि मिश्रण करणाऱ्यासाठी एक लांबलचक कागद तयार करायचा. किती फुटांवर काय सुरू होतं, कुठे संपतं, कुठे हळू करायचं, सगळं त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं असे. मी पुण्यात सहायक म्हणून काम करत होतो, तेव्हा जुन्या मंडळींनी जपून ठेवलेले असे कागद पाहिले आहेत. एखाद्या जाणत्या तलाठ्याच्या दप्तरासारखं काम!

त्या कागदाची जागा आता एका फाइलनं घेतली आहे. १९९०च्या दशकात अ‍ॅव्हिड कंपनीनं ओएमएफ नावाचा प्रकार आणला आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याच्या पुढचा एएएफ हा प्रकार आला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरना एकमेकांचं काम वाचता यावं, ही त्यामागची कल्पना. ओएमएफ फाइल दोन गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. दहा एकेरी ट्रॅक काठोकाठ भरलेले असले, तर पंचवीसेक मिनिटांत तिची हद्द संपते. म्हणून आज शक्यतो एएएफच वापरतात. प्रीमियर प्रो, अ‍ॅव्हिड, रिझॉल्व्ह यांतून ती थेट निघते. फायनल कट प्रोमधून काढायला वेगळं जोड-सॉफ्टवेअर घ्यावं लागतं.

ही एएएफ म्हणजे काय, हे मी मुलांना सातबाऱ्यावरून सांगतो. सातबाऱ्यात शेत नसतं. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, नाव कोणाचं, पीक कोणतं, एवढंच असतं. एएएफमध्येही मुळात नोंदीच असतात. अमक्या नावाच्या फाइलमधला, अमक्या वेळेपासून अमक्या वेळेपर्यंतचा तुकडा, टाइमलाइनवर अमक्या जागी, अमक्या ट्रॅकवर, एवढ्या आवाजात. कागद हातात आला पण शेत कुठे आहे तेच सापडत नाही, असं झालं तर उपयोग काय? मुलं नेमकं हेच करतात. नुसती एएएफ पाठवतात, आवाजाच्या मूळ फाइल त्यांच्याच संगणकावर राहतात. माझ्याकडे उघडलं की सगळे तुकडे जागेवर दिसतात आणि एकातूनही आवाज निघत नाही. म्हणून एएएफ काढताना आवाज तिच्या आतच भरण्याचा पर्याय निवडावा, किंवा मूळ फाइलींचा फोल्डर सोबत द्यावा. दोन्ही दिलं तर उत्तम.

आणि फाइलींची नावं बदलू नयेत. चित्रीकरणाला वेगळं ध्वनिमुद्रण यंत्र असेल, तर एकाच फाइलमध्ये दांडीवरच्या माइकचा एक ट्रॅक आणि प्रत्येकाच्या कॉलरवरच्या माइकचा एकेक ट्रॅक असतो. संकलक सोयीसाठी त्यातला एकच वापरतो. ते ठीक आहे. फाइलचं नाव आणि तिच्यातली वेळेची नोंद शाबूत असेल, तर बाकीचे ट्रॅक मी शोधून काढू शकतो. पण कुणी हौसेनं 'आजी फायनल', 'आजी फायनल दोन' अशी नावं देतो आणि तो धागा तुटतो.

आता आजच्या बोलण्यातल्या मुख्य गोष्टीकडे येतो. शिवणकाम करणाऱ्या भगिनींना 'माया' म्हणजे काय ते ठाऊक आहे. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. वरून ती दिसत नाही. पण पुढे कपडा सैल करायचा असला, तर त्या मायेवरच सगळं अवलंबून असतं. आवाजाच्या तुकड्यालाही दोन्ही बाजूंना अशी माया ठेवता येते. इंग्रजीत तिला हँडल म्हणतात. एएएफ काढताना सॉफ्टवेअर विचारतं, की तुकड्याच्या आधीचा आणि नंतरचा किती भाग सोबत देऊ? आकडा बहुधा चौकटींत लिहायचा असतो. पाच सेकंदांसाठी १२५, दहा सेकंदांसाठी २५०. घाईत मुलं शून्य लिहितात, फाइल लहान व्हावी म्हणून.

त्या मायेची किंमत एका माहितीपटानं मला दाखवली. आमच्याच तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या मुलानं आपल्या आजीवर चोवीस मिनिटांची फिल्म केली होती. आजी ऐंशीच्या घरातली. गोरमाटीतली जुनी गाणी तिला तोंडपाठ होती आणि त्यातली काही तांड्यावर आता तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हती. शेवटच्या प्रसंगात ती दारात बसून गाते. गाण्याची अखेरची ओळ आली आणि दारावरून एक मोटरसायकल हॉर्न वाजवत गेली. मुलानं हॉर्नच्या आधीच कापलं. ओळ अर्धी राहिली. त्याचा इलाज नव्हता, कारण चित्रीकरणानंतर महिन्याभरातच आजी वारली होती. मला फाइल देताना तो म्हणाला, "भाऊ, शेवटचं तेवढं पाहा. मले तं ते ऐकवतच नाही."

सुदैवानं त्यानं दोन्ही बाजूंना दहा-दहा सेकंदांची माया ठेवली होती. मी तो तुकडा उजवीकडे ओढून उघडला. हॉर्न गेला, कुत्रं भुंकलं, आजी जरा हसली आणि सहा-सात सेकंदांनी कुणी न सांगता तिनं ती शेवटची ओळ पुन्हा पूर्ण म्हटली. हळू, पण अगदी स्वच्छ. हॉर्न वाजला तेव्हाच हा तुकडा वाया गेला असं मुलानं धरलं होतं, पुढे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. पडद्यावर त्या जागी आजीच्या हातातलं आरशांचं भरतकाम दिसत होतं, ओठ दिसत नव्हते. त्यामुळे ती ओळ तिथे नेऊन बसवता आली. चित्राच्या एका चौकटीलाही हात लावावा लागला नाही. तांड्यावर फिल्म दाखवली, तेव्हा गाणं पूर्ण झालं.

याच्या उलट अनुभवही सांगतो. दुसऱ्या एका ठिकाणाहून पंधरा मिनिटांची फिल्म आली. एकच तयार व्हिडिओ फाइल. तीत एका वृद्ध शेतकऱ्याचं बोलणं आणि त्याच्याखाली मोठ्या आवाजात बासरी. दोन्ही एकजीव झालेले. मूळ आवाज मागितला, तर कळलं की मेमरी कार्ड पुसून पुढच्या लग्नाच्या ऑर्डरीला वापरलं. सरबत झाल्यावर त्यातली साखर परत कशी काढणार? बोलणं आणि संगीत वेगळं करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आज मिळतात. मीही ती वापरतो आणि पुष्कळदा ती थक्क करतात. या वेळी बासरी गेली खरी, पण म्हाताऱ्याचा आवाज पिंपात बोलल्यासारखा झाला, शब्दांच्या कडा झिजल्या. आणि जे कापून टाकलेलं असतं, ते तर कोणतंच साधन परत आणू शकत नाही. ते फार तर काहीतरी नवं बनवून देईल, पण ते त्या माणसाचं बोलणं नव्हे.

दुसरा नेहमीचा घोळ चित्र आणि आवाज यांच्या जुळणीचा. दूर शेतात कुणी लाकूड फोडत असेल, तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते आणि आवाज मागून येतो. विजेनंतर गडगडाट. निसर्गात आवाज नेहमी मागून येतो, त्याची आपल्या मेंदूला सवय आहे. म्हणून पडद्यावर आवाज सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत मागे पडला, तरी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पण तो चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला, की खटकू लागतं. म्हणजे जेमतेम एका चौकटीचा फरक!

हा फरक पडतो कशामुळे? काही कॅमेरे सेकंदाला २५ चौकटी घेतात, काही २४, काही २३.९७६. संकलन एका मापात आणि आवाजाचं काम दुसऱ्या मापात झालं, तर वीस मिनिटांच्या फिल्मच्या शेवटी २४ आणि २३.९७६ यांच्यात सव्वा सेकंदाचं अंतर पडतं. २४ आणि २५ यांच्यात तर ४८ सेकंदांचं. मोबाइलची तऱ्हा आणखी वेगळी. उजेड कमी झाला की तो आपल्या मनानं चौकटींचा वेग कमी करतो, उजेड आला की वाढवतो. घराच्या आत सुरू झालेलं चित्रण अंगणात येईपर्यंत वेग बदललेला असतो आणि ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे जातात. म्हणून मोबाइलवरचं चित्रण संकलनाला घेण्यापूर्वी एका ठराविक वेगात बदलून घ्यावं. आवाज पहिल्यापासून ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा. आणि कोणत्या मापात काम केलं, ते आवाजवाल्याला चिठ्ठीत लिहून द्यावं.

चिठ्ठीवरून आठवलं. सोपवताना काय काय द्यावं, ते ओळीनं सांगतो. करणाऱ्यांनी हवं तर लिहून घ्यावं. पहिलं म्हणजे, चित्र पक्कं झाल्याशिवाय आवाज सोपवू नये. आवाजाचं काम सुरू झाल्यावर मधला एक प्रसंग तीन सेकंदांनी कमी केला, की पुढचं सगळं तीन सेकंदांनी सरकतं. दुसरं, एएएफसोबत पूर्ण फिल्मचा एक हलका व्हिडिओ द्यावा, त्यावर चालतं घड्याळ उमटवलेलं असावं आणि संकलकानं तात्पुरता जुळवलेला आवाजही असावा. त्यावरून त्याच्या मनात काय होतं ते कळतं आणि काही हललं असेल तर पकडता येतं. तिसरं, चित्र सुरू व्हायच्या बरोबर दोन सेकंद आधी एक चौकटभर 'टूं' असा आवाज ठेवावा, तसाच एक शेवटीही. दोन्ही ठिकाणचे 'टूं' जुळले, तर मधलं जुळलं असं समजायला हरकत नाही.

चौथं, ट्रॅक लावून ठेवावेत. संवाद वर, त्याखाली परिसराचे आवाज, मग प्रसंगातले ठोके-पावलं, शेवटी संगीत. कपाटात साड्या, सदरे, चादरी वेगवेगळ्या ठेवतो तसं. पाचवं, आवाजावर लावलेले संस्कार, म्हणजे घुमारा किंवा खरखर काढणं वगैरे, काढून टाकून मूळ कोरा आवाज द्यावा. असे संस्कार एएएफमधून बहुतेक वेळा पोचत नाहीत आणि पक्के करून पाठवले, तर मला मागे जाता येत नाही. एका टाइमलाइनच्या पोटात दुसरी ठेवलेली असेल, तर ती उलगडून द्यावी. तुकड्याचा वेग बदललेला असेल, तर तसं लिहावं. आणि सहावं, जिथे चित्रण केलं तिथला कुणी न बोलतानाचा निदान अर्धा मिनिट आवाज जरूर द्यावा. प्रत्येक खोलीची, प्रत्येक अंगणाची शांतता वेगळी असते. दोन वाक्यांमधली फट बुजवायला त्याच जागेची शांतता लागते, दुसरीकडची चालत नाही.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असं कुणाला वाटेल. '[लगान]'सारख्या मोठ्या चित्रपटानं २००१ साली चित्रीकरणाच्या जागीच संवाद मुद्रित केले, ते अनेकांना आठवत असेल. आपल्या मराठीत 'ख्वाडा' या मेंढपाळाच्या जगण्यावरच्या चित्रपटाला जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सन्मान मिळाला. खेड्यातल्या माणसाचं बोलणं, मेंढरांचा कालवा, माळावरचा वारा हे स्टुडिओत पुन्हा उभं करता येत नाही, किंवा आलं तरी ते तसं राहत नाही. आमच्या भागातली मुलं जे टिपतायत, ते तर त्याहून नाजूक आहे. त्यातली माणसं नट नाहीत. त्यांना स्टुडिओत बोलावून 'हे वाक्य पुन्हा म्हणा' असं सांगता येत नाही. वऱ्हाडीतला एखादा हेल, गोरमाटीतलं एखादं गाणं, नंगाऱ्याचा एखादा ठेका कदाचित त्या एकाच फाइलमध्ये उरलेला असेल.

पोहरादेवीला २०२४च्या ऑक्टोबरमध्ये बंजारा विरासत नंगारा संग्रहालय सुरू झालं. तिथे वस्तू आहेत, चित्रं आहेत, इतिहास आहे. संग्रहालयं मोठी माणसं उभारतात. पण बोलीचं, गाण्याचं संग्रहालय प्रत्येकाच्या घरी, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये थोडं थोडं साठत असतं आणि कार्ड पुसलं की थोडं थोडं संपतही असतं.

तेव्हा फिल्म करणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे. फिल्म पूर्ण झाली तरी मूळ आवाज पुसू नका. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. काम दुसऱ्याच्या हाती देताना, तो तुमच्या शेजारी बसलेला नाही हे लक्षात ठेवून द्या. आणि कापताना दोन्ही बाजूंना माया ठेवा. तुम्ही जिथे ऐकणं थांबवलं, त्याच्या पुढेही माणूस बोलत असतो.